गाडीखालचं मांजर

गेल्या महिन्यात इथे न्यूझीलंडमध्ये, सँडरिंगहॅमला मिठाईच्या दुकानात चकल्यांच्या रांगेत उभी होते, तेव्हा आमच्या मराठी मंडळाच्या संपादकबाईंनी मला गाठलं. दिवाळी अंकासाठी कामावरच्या आठवणी लिहा म्हणाल्या. आजवर डॉक्टरांनी लिहून झालंय, आयटीवाल्यांनी तर दर वर्षी लिहिलंय, पण गाड्यांच्या खाली झोपणाऱ्या बाईचं कुणी वाचलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. मी हो म्हटलं आणि घरी येऊन पस्तावले. कारण माझ्या नोकरीत वर्षं कशी गेली हे सांगण्यासारखं काही नाही. गाडी आली, गाडी बघितली, गाडी गेली. तरी काही गाड्या आणि काही माणसं डोक्यातून जात नाहीत, त्यांच्याबद्दल लिहिते.

पुण्याला मी ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला तेव्हा वर्गात दोन मुली होतो. दुसरी पुढे बँकेत गेली. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे न्यूझीलंडला आले, इथल्या परीक्षा दिल्या, आणि २०११ साली माउंट वेलिंग्टनच्या एका यार्डात गाड्या तपासायला लागले. २०१९ मध्ये गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा थांबले.

आमचं काम थोडक्यात असं. या देशात गाड्या बनत नाहीत. जहाजं भरभरून जुन्या गाड्या बाहेरून येतात, बहुतेक जपानहून. अशी गाडी इथल्या रस्त्यावर धावण्याआधी कुणाला तरी ती वरून, खालून, आतून बघावी लागते. ब्रेक, दिवे, सीटबेल्ट हे तर आलंच, पण खरा शत्रू म्हणजे गंज. वरून रंग चकाचक, आणि आत पत्रा पापडासारखा झालेला. कुणी कुणी गंजावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, वर रंग मारून पाठवतात. म्हणून आम्ही पॅनेल उघडायचो, गालिचा उचलायचो, छोट्या हातोडीने पत्र्यावर हळूच ठोकत जायचो. चांगला पत्रा खणखणतो, लांबी भरलेली जागा मुक्यासारखी वाजते. सगळं ठीक असलं की परदेशी नंबरप्लेट असेल ती उतरवायची आणि इथली नवी लावायची. जुन्या प्लेटा भंगाराच्या पिंपात.

सुरुवातीला गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून, इन्स्पेक्टर कुठेय, असं विचारायची. मी म्हणायचे, समोर आहे. मग ती माझ्यामागे बघायची. माझा जोडीदार सिओने, टोंगाचा, दारात मावणार नाही एवढा माणूस. तो हसून म्हणायचा, मी फक्त लिफ्ट वर-खाली करतो, नापास ती करते.

पापाकुऱ्याहून एक मराठी फार्मासिस्ट आले होते. नाशिकचे. त्यांनी घेतलेली जपानी गाडी चालू केली की एक बाई गोड आवाजात काहीतरी बोलायची. काहीतरी बिघाड सांगतेय या धास्तीने हे गृहस्थ आठवडाभर गाडी हळू चालवत होते. मी एका जपानी ओळखीच्या माणसाला फोनवर ते ऐकवलं. ती बाई आजची तारीख सांगून, दिवस छान जावो, असं म्हणत होती. फार्मासिस्टांचा चेहरा पडला. मला वाटलं आनंद होईल. म्हणाले, एवढं प्रेमाने बोलतेय म्हणजे नक्कीच काहीतरी मोठं निघालंय असं वाटलं होतं हो. पुढे त्यांनी तो आवाज बंद करू दिला नाही. त्यांच्या मुलीला मराठी कळतं पण ती उत्तर इंग्रजीतच देते, आणि तारीख मात्र जपानीत सांगते.

पण जिच्यासाठी मी हे लिहायला बसले ती गाडी जपानची नव्हती. इंग्लंडहून आलेली, फिकट हिरव्या रंगाची, पंचवीसेक वर्षं जुनी स्टेशन वॅगन. २०१४ च्या हिवाळ्यातली गोष्ट. गाडीबरोबर मायलेक आले होते. आई जीनबाई, साठी ओलांडलेल्या, अंगात जाड लोकरी कोट, बारीक चणीच्या. मुलगा मार्टिन, तिशीचा, पापाकुऱ्यात इलेक्ट्रिशियन. वडील, केन, दोन वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये वारले होते. आता जीनबाई कायमच्या मुलाकडे राहायला आल्या होत्या आणि सामानात ही गाडी घेऊन आल्या होत्या.

मार्टिनला ती नको होती, हे त्याने मला पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं. आई समोर असतानाच सांगितलं. एवढ्या लांबून कुणी असलं भंगार आणतं का, इथे वाटेल तेवढ्या चांगल्या गाड्या मिळतात, तुम्ही तिला नापास करा म्हणजे विषय संपेल. मुलाचं बोलणं संपेपर्यंत जीनबाई गाडीच्या छतावरून हात फिरवत राहिल्या.

मी गाडी आत घ्यायला निघाले. त्या म्हणाल्या, मीच आणते. मग दार उघडण्याआधी त्या फरशीवर एक हात टेकून खाली वाकल्या आणि गाडीच्या खाली बघितलं. एका बाजूने, मग वळसा घालून दुसऱ्या बाजूने. कोटाला चिखल लागला. मला वाटलं तेल गळत असेल म्हणून बघतायत. मी विचारलं, काही गळतंय का? त्या म्हणाल्या, नाही, सवय आहे. आणि बसून गाडी आत आणली, अगदी सफाईने.

मार्टिन माझ्याकडे बघून खांदे उडवत म्हणाला, घरच्या गाडीशीही असंच करते. आमच्याकडे जर्मनीत मांजर होतं, ते गाडीखाली झोपायचं. तेव्हापासूनची सवय.

केन ब्रिटिश सैन्यात होते आणि मार्टिन लहान असताना ही मंडळी काही वर्षं जर्मनीत होती, हे मला तेव्हा कळलं. गाडीही तिथेच घेतलेली. पुढे इंग्लंडला परत जायचं म्हणून उजव्या स्टिअरिंगची.

सिओनेने गाडी वर घेतली. खालून ती वयाच्या मानाने सुरेख होती. कुणीतरी जीव लावून सांभाळली होती, जागोजागी ग्रीस, जुने नट बदललेले. मी हातोडी घेऊन ठोकत गेले आणि मागच्या उजव्या चाकाच्या वरच्या बाजूला आवाज बदलला. गाडी खाली घेऊन मागच्या सीटच्या बाजूचं पॅनेल काढलं. आतमध्ये, पत्रा आणि पॅनेल यांच्या सापटीत, एक नंबरप्लेट घट्ट खोचून बसवलेली होती. ती ओढून काढली तर तिच्यामागचा पत्रा भुग्यासारखा हातात आला. प्लेटच्या मागे वर्षानुवर्षं पाणी साठून तो सडला होता. आणि नेमका तिथेच मागच्या सीटबेल्टचा बोल्ट. अशी गाडी पास करता येत नाही. ती करायची नसतेच.

प्लेट हातात घेऊन मी बाहेर आले. इंग्लंडच्या प्लेटा मला ओळखता यायच्या, पण हिच्यावरच्या अक्षरांचा आणि आकड्यांचा क्रम वेगळाच होता. हे काय आहे, असं मी विचारण्याआधीच जीनबाई बाकावरून उठून उभ्या राहिल्या. मग पुन्हा बसल्या.

आधी मी गंजाचं सांगितलं, कारण ते माझं काम. मार्टिन म्हणाला, झालं तर मग. त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काही होतं. पण जीनबाईंचं लक्ष तिकडे नव्हतं. त्या म्हणाल्या, ही केनने खोचली असणार, मागचं पॅनेल खडखडायचं ते थांबावं म्हणून. खडखड त्याला सहन व्हायची नाही. मला वाटलं होतं त्याने ती टाकून दिली.

मग त्यांनी मला त्या प्लेटबद्दल सांगितलं. जर्मनीत तैनात असलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या खाजगी गाड्यांना अशा खास प्लेटा असत. जर्मन गाड्यांहून वेगळ्या, आणि इंग्लंडच्या गाड्यांहूनही वेगळ्या. सोय म्हणून दिलेल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्याला लांबूनच कळायचं की ही आपली गाडी. पण मग आयर्लंडमधला, ब्रिटिश राजवटीविरुद्धचा सशस्त्र तंटा तिथपर्यंत पोचला. जे पहारेकऱ्याला कळायचं ते मारेकऱ्यांनाही कळायला लागलं. रस्त्यावर, दुकानासमोर, घरासमोर उभी असलेली गाडी प्लेटवरून ओळखायची आणि तिच्याखाली बॉम्ब लावायचा. त्यात माणसं गेली. पुढे त्या प्लेटा बंद केल्या आणि इंग्लंडच्या साध्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या दिल्या. पण बंद होईपर्यंतचे दिवस त्याच प्लेटा लावून काढायचे होते.

"रोज सकाळी केन काठीला लावलेला आरसा घेऊन खाली झोपायचा," जीनबाई म्हणाल्या. "आधी आरशाने बघायचा, मग स्वतः बघायचा. बर्फ असला तरी. आणि तोवर मी मार्टिनला उंबऱ्याच्या आत धरून ठेवायचे."

मार्टिन भिंतीला टेकून फोन बघत होता. त्याने मान वर केली. तो म्हणाला, "पण ते तर मांजरासाठी."

जीनबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण वाट दोघांच्या मधून होती.

"फ्रिट्झसाठी," मार्टिन मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाला. "राखाडी रंगाचं होतं."

त्या म्हणाल्या, "मांजर नव्हतं, मार्टिन."

त्यावर तो हसला. मग त्याचं हसणं थांबलं.

हळूहळू, अडखळत, त्यांनी सांगितलं. मार्टिन तेव्हा चार वर्षांचा. त्याला उंबऱ्यापाशी उभं ठेवायचं तर काहीतरी कारण द्यायला हवं होतं. एका सकाळी त्यांच्या तोंडून निघून गेलं, गाडीखाली मांजर झोपलंय, बाबा त्याला उठवतायत, तोवर आपण गप्प उभं राहायचं. ते त्याला पटलं. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच जाऊन उंबऱ्याशी उभा राहिला. शेजारच्या बायकांनाही त्यांनी ही युक्ती सांगितली होती, पण बाकीच्यांची पोरं थोड्या दिवसांत कंटाळली. मार्टिन नाही कंटाळला.

मार्टिनने यावर जे सांगितलं ते त्याच्या आईला नवीन नव्हतं, पण मला वाटतं त्याने ते तिच्यापुढे कधी मोठ्याने म्हटलं नसावं. एकदा बर्फ पडलेला असताना तो आईचा हात सोडवून धावत गेला आणि फ्रिट्झला बाहेर काढायला गाडीखाली शिरायला लागला. वडिलांनी त्याला मानगुटीला धरून मागे फेकलं आणि मुस्काटात मारली. आयुष्यात त्यांनी त्याला मारलेलं ते एकदाच. पण त्या दिवसापासून हा माणूस आपल्याशी असा वागू शकतो, तेही एका मांजरासाठी, हे त्याच्या मनात बसलं ते बसलं. पुढे बापलेकांचं बोलणं कामापुरतं झालं. विशीत तो न्यूझीलंडला आला, आणि परत गेला तो एकदम अंत्यसंस्काराला.

जीनबाई म्हणाल्या, त्या सकाळी केनने गाडी अजून बघितलेली नव्हती. आणि चारच दिवसांपूर्वी दुसऱ्या गावात अशाच एका गाडीखाली, एवढं बोलून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, तुला मारल्यावर तो गाडीत जाऊन बसला. किल्ली लावता येत नव्हती त्याला. शेवटी उतरला आणि कामावर चालत गेला.

"मग मला सांगितलं का नाही?" मार्टिनने विचारलं. "मी मोठा झाल्यावर तरी?"

"मी म्हणायचे त्याला. तो म्हणायचा, पोराचं बालपण चांगलं गेलं असं त्याला वाटतंय ना, मग वाटू दे. मी एकटा वाईट ठरलो तरी चालेल."

मार्टिन बाहेर गेला. आमच्या यार्डात फाटकापाशी एक नळ आहे. तिथे तो बराच वेळ हात धूत उभा होता, हाताला काही लागलेलं नसताना. सिओने आतून तीन कप चहा घेऊन आला. त्याला काय झालंय ते माहीत नव्हतं, पण काहीतरी झालंय एवढं कळलं होतं. जीनबाईंनी कप दोन्ही हातांत धरला. मी त्यांच्या शेजारी बसले. मी फक्त म्हटलं, गाडी फार चांगली ठेवलीय तुमच्या यजमानांनी. त्या म्हणाल्या, हो, खालची बाजू तर त्याला पाठच होती.

मार्टिन परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. तो आईसमोर उकिडवा बसला, लहान मुलं बसतात तसा.

"पण मला त्याचे पांढरे पंजे आठवतात," तो म्हणाला.

"पंजे बाबांनी सांगितले तुला. तू रोज विचारायचास, आज फ्रिट्झ काय करत होता? मग बाबा खालून उठले की अंगावरचा चिखल झटकत तुला काहीतरी सांगायचे. एक दिवस पंजे. एक दिवस मिशा."

"शेपटी मोडकी होती ती?"

"तीही त्यांचीच. माझं नुसतं मांजर होतं. बाकीचं सगळं त्यांनी केलं."

मार्टिनने मान खाली घातली आणि आईच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं. तिने त्याच्या केसांवर हात ठेवला. मी उठून आत गेले आणि पुढची गाडी लिफ्टवर घेतली. तिचं मी काय तपासलं ते मला आठवत नाही. सिओनेने नंतर ती पुन्हा तपासून घ्यायला लावली.

निघताना मार्टिनने मला विचारलं की ही गाडी पास करायला काय काय लागेल. सकाळचा मार्टिन आणि हा यांत फार फरक होता. मी त्याला समजावलं. सडलेला सगळा भाग कापून काढायचा, नवा पत्रा वेल्ड करायचा, आणि हे काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्यायचं, घरी नाही. वेळ लागेल. तो म्हणाला, लागू दे.

प्लेट माझ्या टेबलावर तशीच होती. मी जीनबाईंना विचारलं, तुम्हाला देऊ का? ठेवून घ्यायची असेल आठवण म्हणून. त्या म्हणाल्या, "कसली आठवण? या पत्र्याने माझी किती वर्षं झोप घालवली." त्यांनी ती उचलली, पिंपापर्यंत चालत गेल्या आणि आत भिरकावली. एवढा आवाज झाला की सिओने दचकला. त्या वळल्या तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं.

पुढे कधीतरी एका जुन्या नंबरप्लेटा जमवणाऱ्या गृहस्थांना मी ही गोष्ट सांगितली. बंद झालेल्या प्लेटांमध्ये सैनिकांच्या प्लेटांना फार मान असतो म्हणे. फेकली हे ऐकून ते कळवळले. तुम्ही पिंपातून काढली का नाही, असं दोन-तीनदा म्हणाले. मला नाही तसं वाटलं. मला वाईट एवढंच वाटतं की केनना मी कधी भेटले नाही. त्यांनी बसवलेला एकेक नट मी हाताने फिरवून पाहिला होता, आणि माणूस मात्र पाहिला नव्हता.

गाडी परत आली तेव्हा वसंत सुरू झाला होता. मी पॅनेल काढलं, पत्र्यावर ठोकून पाहिलं. छान खणखणीत. सीटबेल्ट ओढून पाहिला, सगळं पुन्हा एकदा वरून खालून बघितलं आणि गाडी पास केली. आपण दिलेला निकाल सांगताना हसायचं नसतं, पण मी हसले. सिओने लांबूनच ओरडला, "स्वीट ऍज!" म्हणजे इथल्या बोलीत, एकदम झकास.

इथल्या नव्या प्लेटा लावायला मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन पुढे बसले. मार्टिनने तो माझ्या हातून घेतला आणि म्हणाला, मी लावू का? तसं चालत नाही, पण मी लावू दिल्या. त्याने चारही स्क्रू घट्ट केले, प्लेट सरळ आहे की नाही ते दोनदा लांबून पाहिलं. जीनबाई शेजारी उभ्या होत्या. हे सगळं चालू असताना त्याने, त्यांच्याकडे न बघता, विचारलं,

"आई, बाबा अजून काय काय सांगायचे?"

त्या म्हणाल्या, "गाडीत बस. सांगते."

त्या स्टिअरिंगवर बसल्या, तो शेजारी. दारं लागली. मला वाटलं आता निघतील, म्हणून मी फाटक उघडायला गेले. पण गाडी सुरू झाली नाही. काचेतून जीनबाईंचे हात हलताना दिसत होते, मध्येच मार्टिन मागे मान टाकून हसताना दिसला, आणि मग त्याने बाहीने तोंड पुसलं. त्यांच्या मागे दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. पहिल्या गाडीवाल्याने खिडकीतून हात काढून, काय अडलंय, असं खुणेने विचारलं. मी त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, तपासणी चालू आहे, जरा थांबावं लागेल.